खरखर कुणाची

गिटार तिसऱ्यांदा माझ्या टेबलावर आली होती आणि या वेळीही तिला काहीही झालेलं नव्हतं.

सहाही तारांवर, पहिल्या फ्रेटपासून बाराव्या फ्रेटपर्यंत मी एकेक जागा दाबून वाजवून पाहिली. फ्रेट म्हणजे गिटारच्या नेकवर, म्हणजे लांब मानेवर, आडव्या बसवलेल्या धातूच्या बारीक पट्ट्या. तार त्यांच्यामागे दाबली की स्वर बदलतो. अशा बहात्तर जागा झाल्या. आधी हळू वाजवल्या, मग जोरात. एकही स्वर फाटला नाही. गिटारच्या केसमध्ये मात्र सुमन टीचरची चिठ्ठी होती. गणिताच्या वहीतल्या चौकटींच्या कागदावर, शाईच्या पेनाने लिहिलेली: ‘सगळ्या तारांवर खरखर. रोज वाढते आहे.’

ही खरखर म्हणजे आमच्या धंद्यातला बझ. दाबलेली तार थरथरताना पुढच्या एखाद्या फ्रेटला घासते आणि तारेखाली कागदाचा कपटा अडकल्यासारखा आवाज येतो. कारणं ढोबळ मानाने दोन. एक तर वाद्यात दोष असतो, नाहीतर वाजवणाऱ्याच्या बोटाचा दाब कमी पडतो. शिकाऊ माणूस असेल तर बहुतेक वेळा बोटच निघतं. निदान मी तरी तसं समजून चालत असे.

म्हैसुरात जयलक्ष्मीपुरमच्या एका आडरस्त्यावर माझं वाद्यदुरुस्तीचं दुकान आहे. सुरुवातीला वीणा आणि व्हायोलिनं यायची. युनिव्हर्सिटी जवळ असल्यामुळे पुढे गिटारी इतक्या यायला लागल्या की वीणेला ठेवायला जागा उरेना. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या शिलाईचा धंदा. मी एकटाच लाकडाकडे वळलो, म्हणून वडील शेवटपर्यंत थोडे नाराज होते. पण त्यांची एक सवय मी उचलली. नवीन कापड पाण्यातून काढून वाळवल्याशिवाय ते त्याला कात्री लावत नसत. कापड आधी आटू द्यावं, त्याचं खरं माप मग कळतं, असं त्यांचं म्हणणं. तसंच मी दुकानात आलेल्या कुठल्याही वाद्याला दोन-तीन दिवस हात लावत नाही. प्रवासात हललेलं, उन्हातून आलेलं वाद्य थोडं स्थिरावू द्यायचं आणि मग तपासायचं. या सवयीचा मला अभिमान होता. गिऱ्हाइकांना मी ती कौतुकाने सांगतही असे. या प्रकरणात माझं नाक कापलं ते नेमकं त्या सवयीनेच.

सुमन टीचर पिरियापट्टणच्या हायस्कुलात गणित शिकवायच्या. आमच्याच मराठी मंडळींतल्या, माहेर म्हैसूरचं. पहिल्यांदा आल्या त्या जूनमध्ये, मुलाची जुनी गिटार घेऊन. मुलगा नोकरीसाठी परगावी गेला होता आणि गिटार कपाटावर धूळ खात पडली होती. तारा गंजल्या होत्या.

“कोण शिकणार आहे?” मी विचारलं.

“मीच.”

“हौसेने?”

त्यांनी डावा हात टेबलावर ठेवला. मनगटावर आडवा जाड व्रण होता. काचेची बरणी धुताना फुटली आणि मनगट खोल कापलं गेलं. बोटं ओढणाऱ्या ज्या दोऱ्या मनगटातून जातात, त्यांतल्या काही तुटल्या. एक नसही गेली होती. डॉक्टरांनी सगळं जोडलं. आता प्रत्येक बोट वेगवेगळं, रोज, न चुकता हलवायचं होतं. व्यायामासाठी रबराचा चेंडू दिला होता, पण चेंडू दाबताना सगळी बोटं एकदम वळतात आणि कमजोर बोट धडधाकट बोटांच्या मागे लपतं. हे गणिताच्या टीचरला पसंत नव्हतं.

“गिटारवर प्रत्येक बोटाला आपलं आपलं काम असतं ना, अण्णा? कोण काम करत नाही ते लगेच ऐकू येतं.”

“येतं. पण गाणं यायला वेळ लागेल.”

“गाणं कुणाला पाहिजे? मला हात परत पाहिजे. गाणं आलं तर परवागिल्ला.”

आलं तर आलं, आपली हरकत नाही, असं म्हणून त्या हसल्या. मला त्या फार आवडल्या. त्यांच्यासाठी काम नीट करायचं असं मी ठरवलं. सर्वांत बारीक तारा लावल्या. मग ॲक्शन कमी केली. ॲक्शन म्हणजे तार आणि फ्रेट यांच्यामधली उंची. ती जास्त असेल तर बोटाला जोर लावावा लागतो. कमी केली तर काम हलकं होतं, पण तार फ्रेटच्या इतकी जवळ येते की जरा काही इकडचं तिकडे झालं की घासलीच. टीचरच्या हातात जोर नव्हता, म्हणून मी ॲक्शन जितकी उतरवता येईल तितकी उतरवली. पोस्टकार्डही जेमतेम सरकेल इतकी जागा ठेवली.

जाताना त्यांना म्हणालो, “आता पाऊस लागेल. गिटारला ओल लागू देऊ नका. घरात जी सगळ्यांत कोरडी जागा असेल तिथे ठेवा.”

हे मी पावसाळ्यात प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो. त्यांनी ते वहीत लिहून घेतलं. माझं बोलणं वहीत लिहून घेणारं गिऱ्हाईक मला त्याआधी भेटलं नव्हतं.

पहिला महिना चांगला गेला. त्यांचा फोन यायचा. मधलं बोट बसायला लागलं. करंगळीशेजारचं बसलं. अंगठ्याजवळचं बोट, ज्याची दोरी सगळ्यांत वाईट तुटली होती, ते मागे होतं. मग जुलैच्या शेवटी फोन आला की खरखर येते आहे. शनिवारी गिटार आणून ठेवली. मी रिवाजाप्रमाणे तीन दिवस तिला हात लावला नाही. बुधवारी काढून वाजवली. स्वच्छ.

पुढच्या शनिवारी त्या घ्यायला आल्या तेव्हा मी म्हणालो, “वाजवून दाखवा.”

त्यांनी पहिलाच शिकवतात तो सी कॉर्ड धरला. तीन बोटं, तीन तारांवर. वरून खाली वाजवताना एकच तार फाटली, अंगठ्याजवळच्या बोटाखालची. मी त्यांच्या हातातून गिटार घेतली आणि तोच कॉर्ड वाजवला. सगळं लख्ख.

“बघा, माझ्या हाताखाली नाही येत.”

त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं, मग स्वतःच्या.

“म्हणजे बोट.”

“बोट,” मी म्हणालो.

“पण घरी सगळ्या तारांवर येते, अण्णा. एकाच नाही.”

“घरी तुम्ही दमलेल्या असता. शाळा करून येता.”

त्यांनी गिटार केसमध्ये ठेवली. केसचं कुलूप लावताना त्यांच्या हाताकडे माझं लक्ष गेलं. अंगठ्याजवळच्या बोटाच्या मुळाशी, बाहेरच्या अंगाला, बारीक बारीक ओरखडे होते, मांजराने नख मारावं तसे. मी पाहिले आणि सोडून दिले. हातचं काम कळतं म्हणून मिरवणाऱ्या माझ्यासारख्या माणसाने त्या ओरखड्यांबद्दल विचारायला हवं होतं.

ऑगस्टमध्ये गिटार परत आली, त्या चिठ्ठीसकट. सुरुवातीला सांगितली ती हीच वेळ. बहात्तर जागा वाजवून झाल्यावर मला खरं सांगायचं तर वैताग आला. कामात खोट नाही आणि गिऱ्हाईक दरवेळी साठ-पासष्ट किलोमीटरवरून बसने वाद्य आणतं आहे. मी फोन लावला.

“टीचर, गिटारमध्ये काही नाही. मी प्रत्येक फ्रेट तपासला.”

“अण्णा, रोज वाढते आहे पण.”

“मग दाब रोज कमी पडत असेल.”

मग त्या म्हणाल्या, “बरं.” त्या शनिवारी गिटार न्यायला त्या स्वतः आल्या नाहीत, शाळेतल्या कुणाला तरी पाठवलं. गिऱ्हाइकाचं समाधान झालं, असा अर्थ मी काढला.

साधारण दोन आठवड्यांनी त्यांच्या नवऱ्याचा फोन आला. रघुनाथराव तालुका कचेरीत कामाला होते. मी त्यांच्याशी तोवर कधी बोललो नव्हतो. आवाज सावकाश, एकेक शब्द मोजून टाकणारा.

“अण्णा, सुम्ने फोन केला. रागावू नका.”

सुम्ने म्हणजे उगाच, सहज. आमच्याकडे माणूस असं म्हणाला की समजायचं, उगाच केलेला नाही.

“बोला की.”

“हिने गिटार बंद केली. परवागिल्ला, गिटारचं काय. पण चेंडूही बंद केला. काहीच करत नाही. दोन आठवडे झाले. बोटं सकाळी उघडत नाहीत, काठीसारखी असतात.”

“का बंद केलं?”

“म्हणते, उपयोग काय? रोज कमी होतंय. डॉक्टर बोलले होते ना, दसऱ्यापर्यंत पकड आली नाही तर परत उघडावं लागेल करून. ही म्हणते, उघडू देत, आतून काहीतरी सुटलंय. मी म्हटलं, कशावरून? म्हणते, गिटारवरून कळतं. गिटारवाले अण्णाही तेच म्हणाले.”

मी खुर्चीवर बसलो. माझ्या तोंडून गेलेलं वाक्य त्या बाईंनी डॉक्टरच्या रिपोर्टसारखं घरी नेलं होतं. इतकी वर्षं मी शिकाऊ लोकांना ‘बोट, बोट’ म्हणत आलो. कॉलेजचं पोरगं ते ऐकून दुसऱ्या दिवशी विसरतं. इथे त्या एका शब्दाला केवढं वजन होतं ते मला माहीत होतं. व्रण मी डोळ्यांनी पाहिला होता. तरी बोललो.

“रघुनाथराव, तुम्ही घरीच आहात? गिटार जवळ आहे?”

“खोलीत लावली आहे भिंतीला.”

“खाली काढा. टीचरना बोलवू नका. तुमच्या डाव्या हाताचं मधलं बोट, तिसऱ्या फ्रेटच्या मागे, कुठलीही तार. अंगात असेल तेवढा जोर लावून दाबा. उजव्या हाताने छेडा. फोन बाजूला ठेवा.”

फोन ठेवल्याचा आवाज आला. मग तार वाजली. मोबाइलच्या त्या फाटक्या आवाजातसुद्धा चूक होण्यासारखं काही नव्हतं. घर्रर्र. दुसरी तार, घर्रर्र. तिसरीही.

“मला येत नाही हो वाजवता,” रघुनाथराव ओशाळून म्हणाले.

“तुम्ही अगदी बरोबर वाजवलीत,” मी म्हणालो. “रविवारी येतो. तोपर्यंत गिटार परत तिथेच टांगा. जशी होती तशी. आणि टीचरना सांगा, तुमच्या बोटाखालीही तीच खरखर येते. एवढंच सांगा.”

मी कुणाच्या घरी जाऊन दुरुस्ती करत नाही. हत्यारं दुकानात, उजेड दुकानात. पण रविवारी सकाळी एक स्टीलची सरळपट्टी, एक कानस आणि बारीक फट मोजायच्या पातळ धातूच्या पात्यांचा जुडगा पिशवीत टाकून हुणसूरवरून पिरियापट्टणला जाणारी बस धरली. पाऊस बारीक, पण सतत. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तंबाखूची शेतं. वाटेत मी डोक्यात कारणं जुळवत होतो. लाकडाला ओल लागून नेक वाकली असेल. पण ओलीने लाकूड फुगून तारा वर जातात, खाली येत नाहीत. शिवाय ओलच असती तर माझ्या दुकानातही दिसली असती, माझं दुकान काही वाळवंटात नाही. काही जुळेना. गंमत म्हणजे माझ्या डोक्यात एकदाही ऊन किंवा उष्णता आली नाही. अशा पावसात लाकूड सुकलं असेल असं कोण म्हणेल?

टीचरनी दार उघडलं. चेहरा उतरला होता. “या अण्णा” म्हणाल्या, पण डावा हात पदराखाली होता. रघुनाथराव मला मागच्या खोलीत घेऊन गेले.

खोलीत पाय ठेवला आणि मला कळलं. बाहेर अंगावर काटा येईल अशी हवा, आणि त्या खोलीत घाम फुटावा. गिटार समोरच्या भिंतीला टांगलेली. मी भिंतीला तळहात लावला. भिंत तव्यासारखी नव्हे, पण नुकत्याच उतरवलेल्या भाताच्या पातेल्याइतकी गरम होती.

“पलीकडे काय आहे?”

“बॅरन,” रघुनाथराव म्हणाले. “मालकांचं.”

बॅरन म्हणजे तंबाखूची भट्टी. चार भिंतींची उंच खोली. आत काठ्यांना पानं बांधून थराथराने टांगतात, आणि खालून लाकडं जाळून मोठ्या नळांतून उष्णता फिरवतात. पान पिवळं होऊन कडकडीत वाळेपर्यंत ती विझू देत नाहीत. भाड्याच्या या घराची मागची भिंत आणि बॅरनची भिंत एकच होती. मालक गौडा अंगणातच होते. मी विचारलं, मधे कधी बंद असते का? ते हसले.

“हंगाम मुगियोवर्गू बेंकी निल्सोक्कागल्ल, स्वामी.”

हंगाम संपेपर्यंत आग थांबवता येत नाही. आणि हंगाम जुलैत सुरू होतो.

मी गिटार खाली काढली. आधी अंगठा नेकच्या कडेने वरून खाली फिरवला. करवतीवरून फिरवल्यासारखं लागलं. नेकचं लाकूड रुंदीत आटलं होतं आणि धातूचे फ्रेट होते तेवढेच राहिले होते, त्यामुळे त्यांची टोकं दोन्ही बाजूंनी बाहेर आली होती. सरळपट्टी ठेवली. नेक मागे झुकलेली. गिटारची पुढची फळी जराशी फुगीर असते. तीही सुकून खाली बसली होती आणि तिच्याबरोबर तारा खाली आल्या होत्या. मी मुळात ठेवलेली जागा पोस्टकार्डाएवढी. त्यातलं आता काहीच उरलं नव्हतं. साधी ॲक्शन असती तर कदाचित एवढं सोसलं असतं. ती गिटार माझ्या काळजीनेच इतकी नाजूक झाली होती.

आणि दुकानात का सापडत नव्हतं तेही उघड झालं. दुकानात आल्यावर मी तिला तीन दिवस स्थिरावू देत होतो. म्हैसूरच्या पावसाळी हवेत लाकूड पाणी पिऊन परत आपल्या मापावर येत होतं. मग मी तपासायचो आणि म्हणायचो, काही नाही. दोष नाहीसा होईपर्यंत मीच थांबत होतो.

“टीचर, हात दाखवा,” मी म्हणालो.

त्यांनी पदराखालून हात काढला. ओरखडे होतेच, काही नवे, काही जुने.

“हे कशाने झालं?”

“माहीत नाही. तिथे मला काही कळतच नाही, अण्णा. नस गेली ना तिथली. कुठेतरी लागत असेल.”

मी त्यांच्या उजव्या हाताचा अंगठा फ्रेटच्या टोकांवरून फिरवला. त्यांनी झटकन मागे घेतला.

“हे कधीपासून आहे?”

“जुलैपासून. दर आठवड्याला वाढत गेलं असणार. तुम्हाला खरखर वाढते म्हणून कळलं ना, तसंच.”

त्यांनी भिंतीकडे पाहिलं. गणिताची बाई, उरलेलं त्यांनी स्वतःच जुळवलं.

“सगळ्यांत कोरडी जागा,” त्या म्हणाल्या. “तुम्हीच सांगितलं होतं. सगळ्या घरात हात लावून बघितला, अण्णा. तेव्हा भट्टी पेटली नव्हती, तरी ही भिंत सगळ्यांत कोरडी. म्हणून मुद्दाम खिळा मारून घेतला यांच्याकडून.”

“चूक माझी आहे,” मी म्हणालो. “एक नाही, तीन. इथे ठेवायला मी सांगितलं. दुकानात मला सापडलं नाही. आणि सापडलं नाही तेव्हा तुमच्या बोटावर ढकललं.”

मला वाटलं होतं, त्यांना आनंद होईल. हात बिघडलेला नाही हे कळलं की माणूस सुटकेचा श्वास टाकेल. तसं झालं नाही. त्या पलंगाच्या कडेवर बसल्या आणि रडल्या. रघुनाथराव उठले, पण टीचरनी त्यांना खुणेने बसा म्हटलं.

“दीड महिना मी या हाताला शिव्या दिल्या,” त्या म्हणाल्या. “मुलांचे पेपर तपासताना हा कागदावर ठेवलेला असायचा, मला बघवायचा नाही. आणि तुम्ही फोनवर इतकं सहज बोललात. तुम्हाला कसं काय इतकं ठाम माहीत होतं?”

“नव्हतं,” मी म्हणालो.

त्यांना हे उत्तर पुरलं की नाही, मला माहीत नाही.

दुरुस्ती म्हणायला काहीच नव्हती. गिटार पुढच्या खोलीत आणली, भिंतीपासून लांब. साबणाच्या प्लॅस्टिकच्या डबीला भोकं पाडून त्यात ओला स्पंज ठेवला आणि डबी केसमध्ये नेकच्या बाजूला बसवली. केस बंद करायची, रोज एकदा स्पंज बघायचा. कानशीने फ्रेटची टोकं घासून टाकायचा मोह मला झाला. पण लाकूड परत फुगल्यावर ती आपोआप आत जाणार होती. आज घासली असती तर नंतर तोकडी पडली असती. हात आवरला. आवरायची सवय अशी एका ठिकाणी नडते आणि दुसऱ्या ठिकाणी उपयोगी पडते, आणि आधी कळत नाही कुठे काय.

निघताना म्हणालो, “गिटार तयार व्हायला आठवडा लागेल. चेंडू आजपासून सुरू करा.”

“बंद केला नसता तर बोटं अशी आखडली नसती,” त्या म्हणाल्या. त्यात मला टोमणा होता. मी घेतला.

दसऱ्याच्या आधी त्यांची डॉक्टरांकडची तारीख म्हैसूरलाच होती. हॉस्पिटलमधून दोघं सरळ दुकानात आली, गिटार बरोबर होती. आम्ही कॉफी मागवली. हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी विचारलं होतं, कसं आहे? टीचरनी सांगितलं, मधलं आणि करंगळीशेजारचं पूर्ण दाबतं. अंगठ्याजवळचं पहिल्या फ्रेटवर कमी पडतं, तिसऱ्यावर चालतं. त्यावर डॉक्टर म्हणाले म्हणे, इतकं नेमकं मला कुणी सांगत नाही. मग त्यांनी आपल्या पद्धतीने एकेक बोट तपासलं. ऑपरेशन तूर्त नको, तीन महिने असंच चालू ठेवा आणि परत या, असं ठरलं. मधल्या आठवड्यांत आखडलेली बोटं सुटायला मात्र फिजिओथेरपिस्टकडे जास्तीच्या खेपा लागणार होत्या. त्या खेपा कुणामुळे, हे त्यांनी बोलून दाखवलं नाही.

मी गिटार हातात घेतली. कडेने अंगठा फिरवला, गुळगुळीत. वाजवली, सगळीकडे स्वच्छ. या वेळी मी तिला थांबवून ठेवलं नाही, आल्या आल्या तपासली. मग त्यांच्या हातात दिली.

त्यांनी सी कॉर्ड धरला. सावकाश, एकेक बोट ठेवत. वरून खाली वाजवलं. पाच तारा बोलल्या आणि एक फाटली, तीच, अंगठ्याजवळच्या बोटाखालची. पुन्हा वाजवलं. पुन्हा तीच.

मी लगेच म्हणालो, “थांबा. पहिल्या फ्रेटपाशी मी अजून जरा तार उतरवून देतो. वरच्या टोकाला तार बसते ती खाच थोडी खोल केली की अर्ध्या दाबात बसेल. पाच मिनिटांचं काम आहे.” आणि खरंच मी ड्रॉवर उघडून कानस काढली.

सुमन टीचरनी गिटार छातीशी ओढून घेतली.

“नको अण्णा. हात लावू नका,” त्या म्हणाल्या. “ही खरखर माझी आहे. तुम्ही ती गिटारमधून काढून टाकली तर बोट बरं झालं ते मला कसं कळणार?”

मी कानस परत ड्रॉवरमध्ये ठेवली. त्यांनी तोच कॉर्ड आणखी चार-पाच वेळा वाजवला, त्या एका फाटक्या तारेकडे कान लावून, आणि मग म्हणाल्या की बसची वेळ झाली.

तेव्हापासून दुकानात वाद्य आलं की मी ते त्याच दिवशी एकदा वाजवून बघतो आणि मग ठेवतो. घरी ते कुठल्या भिंतीला असतं, भिंतीपलीकडे काय आहे, हेही विचारतो. गिऱ्हाइकांना हे प्रश्न चमत्कारिक वाटतात. आणि कुणी आपल्या बोटांबद्दल विचारलं, तर सांगतो की मला फक्त लाकडातलं कळतं, तेही दरवेळी नाही.